उसवलं की फाटलं

माझ्या सासूबाईंना दोन शब्दांची सरमिसळ चालत नाही. शिवण सुटली तर ते उसवणं आणि कापडच गेलं तर ते फाटणं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हणाले, "आई, उशीचा अभ्रा फाटलाय." त्यांनी अभ्रा हातात घेतला, उलटा केला, शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाल्या, "फाटला नाही, उसवलाय. नीट बघून बोलत जा." आवाज असा, की मी त्यांच्या अख्ख्या माहेराची बदनामी केली असावी. मीही काही कमी नाही. मी म्हटलं, "झोपायचं तर त्याच्यावरच ना? मग काय फरक पडतो?" त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आईसमोर तो विषय काढू नकोस." कोणता विषय, उशीचा? त्याने नुसती मान हलवली आणि पेपरात डोकं खुपसलं. या घरातल्या पुरुषांना ही कला वंशपरंपरेने आलेली आहे, हे मला पुढे कळलं.

विषय मला कळला तो तुकड्यातुकड्यांनी. थोडा नवऱ्याकडून, थोडा वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून, आणि बराचसा खुद्द सासूबाईंकडून, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना. सलग त्यांनी कधीच सांगितला नाही. मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे, तुला काय करायचंय." मला करायचं होतं म्हणून तर मी बसून राहायचे.

तरुणपणी सासूबाई एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळत होत्या. रंगमंचाच्या खाली बुटक्या छताची एक लांब खोली होती. उंच माणसाला तिथे वाकूनच यावं लागे, त्यामुळे राजे-महाराजे सासूबाईंसमोर आपोआप झुकायचे, असं त्या अजून हसत सांगतात. एका भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर दरबारी अंगरखे, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीचं टेबल, खळीचा आणि घामाचा मिळून एकच वास. तोंडात टाचण्या धरून त्या बोलायच्या आणि सगळ्यांना ते कळायचं. पात्र आत येऊन परत बाहेर जाईपर्यंत राजाचा भिकारी करून द्यायच्या. आणि नट मंडळी त्यांच्यापाशी सगळं बोलायची. पायाशी बसून कडा दुमडणाऱ्या बाईला माणसं काय वाटेल ते सांगतात, कारण ती वर बघत नाही.

त्यातल्या त्यात सासूबाईंचा जीव कोणात असेल तर राणीत. कंपनीत सगळ्यांना भूमिकेवरूनच हाका मारायची पद्धत होती, आणि ही मुख्य नटी नेहमी राण्यांचीच कामं करायची, म्हणून ती राणी. दोघी एकाच वयाच्या. मधल्या सुट्टीत एकाच डब्यातून जेवायच्या. राणीला गुदगुल्या फार व्हायच्या. माप घेताना ती हसून हसून वेडीवाकडी व्हायची आणि टाचणी टोचली की सासूबाईंनाच शिव्या द्यायची. माझे सासरे त्याच कंपनीत तिकीटखिडकीवर बसत. म्हणजे घरचं सगळंच कंपनीचं होतं, भातापासून भांडणापर्यंत.

कंपनीचं सगळ्यात चालणारं नाटक म्हणजे महाकाव्यातल्या त्या राणीचं. प्रसंग तुम्हाला माहीत आहेच. नवरा जुगारात राज्य हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि शेवटी बायकोला डावावर लावतो. मग तिला केसांना धरून भरसभेत आणतात. ओढणारा कोण, तर दीर. बघणारे कोण, तर सासरे, आजेसासरे, गुरुजी आणि एक सोडून पाच नवरे. ती एक साधा प्रश्न विचारते. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला डावावर लावायचा हक्क कुठून आला? हो किंवा नाही म्हणायचं, झालं. पण सभेतले सगळ्यांत मोठे, ते आजेसासरे, म्हणतात की धर्माचं फार सूक्ष्म असतं, मला काही सांगता येत नाही. मग तिचं वस्त्र ओढायला लागतात, ते संपता संपत नाही, देव पुरवतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. मला या गोष्टीचा लहानपणापासून राग आहे. वस्त्र देवाने पुरवलं, ठीक. पण उत्तर कोणी दिलं? चमत्काराच्या गडबडीत तिचा प्रश्न तसाच राहिला की.

तर त्या नाटकात देवाचं काम सासूबाईंकडे होतं.

त्याची रीत त्यांनी मला एकदा जुन्या चादरीवर करून दाखवली. राणीच्या अंगावर आतून एक साडी नेसवायची आणि ती कमरेला परकराशी सगळीकडून शिवून टाकायची. तिच्या टोकाला पाच-सहा साड्या एकापुढे एक जोडून केलेलं लांबच लांब कापड शिवायचं आणि ते राणीच्या अंगाभोवती गुंडाळायचं. ओढणारा ओढतो, राणी गिरक्या घेते, कापडाचा ढीग पडत जातो. ढीग पुरेसा झाला की किनारीत घातलेला जाड पिवळा दोरा ओढणाऱ्याच्या हाताला लागायचा. तो लागला की त्याने दमून कोसळायचं. अंगावर दोन वेढे शिल्लक असतानाच. लोकांना वाटायचं, वस्त्र अजून अनंत आहे. सगळी मदार दोन गोष्टींवर, कमरेचे टाके आणि ओढणाऱ्याचं भान.

टाके सासूबाईंचे होते. भान धाकट्या मालकांचं, म्हणजे कंपनीच्या मालकांच्या भावाचं. ओढणाऱ्या दिराचं काम तेच करत.

त्या दिवशी नाट्यगृह खच्चून भरलं होतं. धाकट्या मालकांना पहिल्या अंकापासून शिट्ट्या पडत होत्या आणि त्यांनी त्यांच्या डोक्यात हवा गेली होती. वस्त्राचा प्रसंग आला, ढोल सुरू झाला. पिवळा दोरा त्यांच्या हाताला लागला. ते कोसळले नाहीत. पुढच्या रांगेतून कोणीतरी "आणखी!" म्हणून ओरडलं आणि ते ओढत राहिले. वेढे संपले, कापड ताणलं गेलं, तरी त्यांनी पाय रोवला आणि सगळा जोर लावून हिसका दिला. आतली साडी कमरेपासून निघून त्यांच्या हातात आली. राणी परकर-पोलक्यावर उभी राहिली, दिव्यांच्या झोतात, भरल्या सभेसमोर.

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग मागून एकजण हसला. मग सगळं नाट्यगृह हसलं. पडदा ओढणारा चहाला गेला होता. आणि सभेतले सगळे वडीलधारे भूमिकेप्रमाणे माना खाली घालून बसले होते, त्यांनी त्या तशाच ठेवल्या.  एकटे आजोबा उठले. आजोबा म्हणजे आजेसासऱ्यांचं काम करणारे, कंपनीतले सगळ्यांत जुने नट. त्यांनी आपला शेला राणीच्या कमरेभोवती गुंडाळला आणि तिला धरून विंगेत नेलं.

सासूबाई दुसऱ्या बाजूच्या विंगेत होत्या. मागून वळसा घालून धावत पोहोचल्या तोपर्यंत राणीच्या खोलीचं दार बंद होतं आणि दाराशी मालक उभे होते. "तू जा इथून," ते म्हणाले. "करायचं ते करून झालंय तुझं." राणी त्याच संध्याकाळी मागच्या दाराने गेली आणि पुन्हा कधी रंगमंचावर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. सेट तसाच होता. मालक जाऊन बसले ते थेट सिंहासनावर. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून बसले असतील, पण शोभत होते, असं सासूबाई म्हणतात. बाकीचे सगळे गोल उभे. नट, पेटीवाला, ढोलवाला, दिवेवाला. तिकीटखिडकीवाले म्हणून माझे सासरेही.

"टाके उसवले," मालक म्हणाले. "कच्चं काम होतं. कंपनीची अब्रू गेली."

धाकटे मालक बाजूला बोटं मोडत उभे होते.

"उसवले नसणार," सासूबाई म्हणाल्या. "उलटी टीप होती, दुहेरी दोऱ्याने. मला परकर दाखवा. टाके असतील तर कापड फाटलंय. टाके नसतील तर माझी चूक, मी स्वतः जाते."

परकर कुठे होता? साडी कुठे होती? रात्रीतून सगळं गायब. काम खरंच कच्चं असतं तर त्याचा पुरावा कोणी लपवला असता का, हा प्रश्न तिथे कोणाच्याच मनात आला नाही. किंवा आला असेल, पण सगळे मूग गिळून गप्प बसले.

मग सासूबाई आजोबांकडे वळल्या. शेला गुंडाळताना कमरेपाशी फक्त तेच होते. "आजोबा, तुम्ही जवळून पाहिलंत. उसवलं होतं की फाटलं होतं?"

आजोबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "बारीक गोष्ट आहे गं ही," ते म्हणाले. "त्या गडबडीत मी काय सांगणार?"

कोणीतरी खुदकन हसलं, कारण रोज संध्याकाळी ते जवळजवळ हेच वाक्य म्हणायचे. आजोबांनी मालकांचं मीठ खाल्लं होतं. वय झालं होतं, दुसऱ्या कंपनीत कोण घेणार? मला सगळं समजतं. समजून राग जात असता तर फार बरं झालं असतं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मालकांनी सुईदोरा आणि कापडाचे दोन तुकडे मागवले. "एवढा विश्वास आहे ना टाक्यावर? घाल इथे. सगळ्यांसमोर." सासूबाई रंगमंचाच्या मध्ये खाली बसल्या. हात इतका थरथरत होता की दोरा ओवता ओवेना, आणि तो ओवायला सगळे थांबून राहिले. कशीबशी एक शिवण घातली. मालकांनी ती धाकट्या भावाकडे दिली. त्याने दोन्ही हातांनी खेचली आणि टाके भराभर सुटत गेले. सगळे हसले. आदल्या दिवशी जे राणीला हसले नव्हते, तेही आता मोकळेपणाने हसले, कारण आता मालकांची परवानगी होती. माझे सासरे तिकीटखिडकीची किल्ली मुठीत धरून दाराशी उभे होते. त्यांच्या तोंडून ब्र निघाला नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंचं नाव 'उसवबाई' पडलं. काम गेलं. सासऱ्यांचं राहिलं, त्यांनी ते सोडलं नाही. घरी मूल होतं, म्हणजे माझा नवरा, तेव्हा पोटाचा प्रश्न होता, हेही मला समजतं. या गोष्टीतल्या सगळ्या पुरुषांचं मला समजतंच.

सासूबाईंनी घर सोडलं नाही, आदळआपट केली नाही. सासऱ्यांना वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणं काढली, पाहुणे आले की हसून बोलल्या. फक्त त्यांच्या शर्टाचं बटण पुन्हा कधी लावून दिलं नाही. ते बिचारे स्वतःच लावायचे, पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने, आणि प्रत्येक वेळी बोट टोचून घ्यायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, बाई आळशी आहे. शेवटच्या आजारात एका दुपारी ते म्हणाले, "मी तेव्हा बोलायला हवं होतं." सासूबाई म्हणाल्या, "हो." आणि पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. मी दारातच उभी होते. त्या एका 'हो'साठी मी त्यांच्या पाया पडले असते. पण पाणी पाजताना त्यांचा हात किती सांभाळून चालला होता, तेही मी पाहिलं.

शिवणकामाचं म्हणाल तर चांगलं काम त्यांच्याकडे पुन्हा आलं नाही. नाव एकदा चिकटलं की चिकटलं. लग्नाचे कपडे, पहिल्या बाळाचं झबलं, असलं काही कोणी उसवबाईकडे देतं का? त्या दवाखान्याच्या चादरी शिवायच्या, पडद्यांच्या कडा दुमडायच्या. त्याही अशा शिवायच्या की कापड विरून जाईल पण शिवण हलणार नाही. माझ्या नवऱ्याची शाळेतली अर्धी चड्डी आमच्या घरात अजून आहे. तिची पिशवी करावी म्हणून मी एकदा उसवायला बसले आणि तासाभराने हात टेकले. आम्ही तिच्यात आता लाकडी चिमटे ठेवतो.

मी त्यांना एकदा विचारलं, "आई, राणीला नंतर भेटलात की नाही?"

"कोणत्या तोंडाने भेटू?" त्या म्हणाल्या. "तिला वाटत असेल, माझ्या कच्च्या टाक्याने तिची लाज गेली. मी काय सांगणार, माझा टाका पक्का होता? प्रत्येक शिवणारी तेच म्हणते. आधी आजोबांनी सांगू दे, चार माणसांत. मग मी ताठ मानेने जाईन तिच्याकडे."

म्हणजे एवढंच अडलं होतं. एका माणसाने एक शब्द बोलायचा होता, 'फाटलं'. तो येईपर्यंत ही बाई आपल्या मैत्रिणीच्या दाराशी जाणार नव्हती. आणि तो म्हातारा काही बोलत नव्हता आणि मरतही नव्हता.

गेल्या वर्षी फोन आला. जुनं नाट्यगृह दुरुस्त करून पुन्हा उघडणार होते आणि त्या निमित्ताने जुन्या कलावंतांचा सत्कार होता. मुख्य सत्कार आजोबांचा. पडद्यामागच्या लोकांनाही बोलावलंय, असं पलीकडचा मुलगा मोठ्या उत्साहाने सांगत होता. मला वाटलं, सासूबाई फोन आपटतील. त्या म्हणाल्या, "येते."

आम्ही दोघी गेलो. नवऱ्याला ऐनवेळी काम निघालं, मी आधीच सांगितलं ना, वंशपरंपरा. नाट्यगृह चकाचक केलेलं, खुर्च्या मऊ, सगळीकडे ताज्या रंगाचा वास. सासूबाई कपडेपटाची खोली बघायला गेल्या तर तिथे आता गाड्या लावायची जागा होती. मालक केव्हाच वारले होते. धाकटे मालक कुठेतरी दूरदेशी मुलाकडे, अंथरुणाला खिळलेले. सभागृहात बसलेली बहुतेक मंडळी तेव्हा जन्मलीही नसतील.

आजोबांना चाकाच्या खुर्चीतून रंगमंचावर आणलं. आवाज मात्र खणखणीत. थोडं बोलून झाल्यावर त्यांची नजर सासूबाईंवर गेली आणि ते म्हणाले, "आमच्या कपडेपटवाल्या बाई आल्या आहेत. त्यांना वर बोलवा. या बाईने फार सोसलं हो. काय तिची सहनशीलता! एका शब्दाने कधी तक्रार केली नाही तिने."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्रार केली नाही? सगळ्यांसमोर सरळ प्रश्न विचारला होता तिने! तो पुसून टाकायचा आणि वर सहनशीलतेचं कौतुक करायचं! मी उठणार होते, पण सासूबाईंनी माझ्या मांडीवर हात दाबला आणि त्याच उठल्या. एकेक पायरी चढून वर गेल्या. एका मुलीने फुलांचा गुच्छ पुढे केला. तो त्यांनी घेतला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला. मग माइकजवळ वाकून म्हणाल्या, "आजोबा, मी तेव्हा एक विचारलं होतं. उसवलं होतं की फाटलं होतं?"

म्हाताऱ्याने वर पाहिलं.  मला वाटलं, आता हा म्हणणार, बारीक गोष्ट आहे गं. पण त्यांनी दोन्ही हात जोडले. "फाटलं होतं," ते म्हणाले. "तुझे टाके सगळेच्या सगळे जागेवर होते. मी पाहिले होते."

आलं. अखेर आलं, माइकवर, चार माणसांत, स्वच्छ आवाजात. मी डोळे पुसत आजूबाजूला पाहिलं. माझ्या शेजारची बाई तिच्या नवऱ्याला विचारत होती, "काय फाटलं म्हणतात?" त्याने खांदे उडवले. मागे कोणीतरी म्हणालं, "नाटकातला संवाद असेल." निवेदकाला वाटलं, दोन जुन्या कलावंतांनी काहीतरी करून दाखवलं, आणि तो ओरडला, "जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

सासूबाई खाली आल्या आणि शेजारी बसल्या. चेहऱ्यावर मला जो आनंद बघायचा होता, तो नव्हता. "तेव्हाचं कोणीच नाही गं इथे," त्या म्हणाल्या. ज्यांनी त्यांना उसवबाई म्हटलं, त्यांच्यातल्या एकाच्याही कानावर ते उत्तर पडलं नाही. सभा बदलली होती.

पण एक माणूस उरलं होतं. बाहेर पडताना कंपनीचा जुना पेटीवाला भेटला, कार्यक्रम संपल्यावर पोहोचलेला. तो म्हणाला, राणी आहे, भाचीकडे असते, कोणाला भेटत नाही. फोन नंबर त्याच्याकडे होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "लाव." त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी आवाज मोठा केला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. सासूबाईंनी आपण कोण ते सांगितलं.  मग, "बोल."

सासूबाईंनी आदल्या दिवसाचं सगळं एका दमात सांगून टाकलं, शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलीसारखं. आजोबांनी भर सभेत सांगितलं, टाके जागेवर होते, फाटलंच होतं. "राणी, माझा टाका नव्हता गं उसवला. आता तरी तुला पटेल ना?"

"मला माहीत होतं," राणी म्हणाली.

"काय?"

"परकर माझ्याच अंगावर होता ना. साडीची पट्टी कमरेभोवती शिवलेली होती तशीच. तुझा टाका सुटेना म्हणून मी कात्रीने कापला. नंतर मालक येऊन तो परकर मागून घेऊन गेले. मला वाटलं, तुझे टाके, तुला माहीत असणारच."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. 

"मग तू सांगितलं का नाहीस कोणाला?"

"मला कोणी विचारलं?" राणीच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तू आजोबांना विचारलंस. मालकांना विचारलंस. मला सगळं कळत होतं, पेटीवाला सांगायचा. मी वाट बघत होते. वाटायचं, बाकी कोणी नाही तरी ही येईल."

"आले होते गं मी. मालक दाराशी उभे होते, त्यांनी..."

"त्या दिवशी. आणि नंतर?"

 टेबलावरची सासूबाईंची बोटं उगाचच शिवण चाचपावी तशी कडेवरून फिरत होती.

"तू आली नाहीस," राणी म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, सगळं नाट्यगृह हसलं, त्यात तूही हसली असशील. मग मी वाट बघणं सोडलं."

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "नाही. मी माझे टाकेच घेऊन बसले." त्या रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. "लाज तुझी गेली आणि मी माझं नाव धुऊन मिळेल म्हणून थांबून राहिले. येऊ का मी? उद्या येते. सूनबाई आणेल मला."

पलीकडे भाचीचा आवाज ऐकू आला, औषधाचं काहीतरी. मग राणी म्हणाली, "बघू."

फोन बंद झाला. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

"बघू म्हणाली. बघू म्हणजे ये असंच ना गं?"

मी हो म्हटलं.